टपाल सुटे घ्यावे की संकलित?

कामकाजाच्या सोयीसाठी निर्माण झालेले साधन कालांतराने स्वतःच कामकाजावरचा भार होऊन बसते, असा अनुभव अनेक क्षेत्रांत येतो. ई-मेल हे त्याचे ठळक उदाहरण होय. पूर्वी कार्यालयात दिवसातून एकदा किंवा दोनदा टपाल येत असे, त्याची आवक नोंद होत असे आणि ते संबंधितांकडे वाटले जात असे. आता पत्र कोणत्याही क्षणी येते. एका व्यक्तीने एका व्यक्तीस लिहिलेल्या पत्रांपुरता हा प्रश्न फारसा कठीण नाही. परंतु एकच पत्र शेकडो लोकांना एकाच वेळी पोचविणाऱ्या टपालयाद्या रूढ झाल्यापासून, येणाऱ्या टपालाचे नियोजन हा प्रत्येक सदस्यापुढील प्रश्न झाला आहे.

अशा बहुतेक टपालयाद्यांमध्ये सदस्याला दोन मुख्य पर्याय दिलेले असतात. पहिला, प्रत्येक पत्र जसे येईल तसे स्वतंत्रपणे मिळावे. यास सुटे टपाल म्हणता येईल. दुसरा, ठराविक काळातील सर्व पत्रे एकत्र करून त्यांचे एकच पत्र मिळावे. यास संकलित टपाल म्हणता येईल. सदस्य होताना हा पर्याय बहुधा विचार न करता निवडला जातो. प्रत्यक्षात मात्र कोणती बातमी केव्हा हाती पडेल, तिला उत्तर देता येईल की नाही आणि ती वाचली तरी जाईल की नाही, हे या लहानशा निवडीवर अवलंबून असते. म्हणून या दोन पद्धतींची कार्यपद्धती, त्यांचे लाभ आणि त्यांच्या मर्यादा समजून घेणे उपयुक्त ठरेल.

टपालयादीचे कार्य

टपालयादीची कल्पना अगदी साधी आहे. गटासाठी एक सामाईक पत्ता असतो. त्या पत्त्यावर आलेले पत्र सर्व्हरवरील आज्ञावली स्वीकारते आणि यादीतील प्रत्येक सदस्याकडे त्याची प्रत रवाना करते. एखाद्या जिल्ह्यातील मुख्याध्यापक, एखाद्या विषयाचे संशोधक, ग्रंथपाल, सहकारी संस्थांचे सचिव किंवा नोकरीनिमित्त जगभर विखुरलेले एका गावचे रहिवासी अशा कोणत्याही समूहाला या मार्गाने परस्परांशी बोलता येते. लिहिणाऱ्याला सर्वांचे पत्ते ठाऊक असण्याची गरज नसते. यादीतून कोण गेले, कोण नव्याने आले, याची नोंद आज्ञावलीच ठेवते.

या सोयीचा हिशेब मात्र ध्यानात घेतला पाहिजे. समजा, एका यादीत ४०० सदस्य आहेत आणि तिच्यावर दिवसाला ४० पत्रे येतात. प्रत्येकाला सुटे टपाल द्यावयाचे झाल्यास सर्व्हरला दिवसाकाठी १६,००० पत्रे रवाना करावी लागतात. त्यांपैकी ३०० सदस्यांनी दिवसातून दोनदा निघणारे संकलन स्वीकारले, तर सुट्या पत्रांची संख्या ४,००० आणि संकलनांची ६०० अशी एकूण ४,६०० वर येते. मजकुराचा एकंदर आकार फारसा घटत नाही, हे खरे. पण रवानगीची संख्या एक-तृतीयांशाच्याही खाली जाते. सदस्याच्या बाजूनेही तेच घडते. चाळीस वेळा उघडावयाच्या पत्रांऐवजी त्याच्यापुढे दोन पत्रे येतात.

संकलनाचा उगम

दोन स्वतंत्र संगणकांमधून जाणारे पहिले ई-मेल रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर पाठविले. त्यानंतर चार वर्षांनी, १९७५ मध्ये, याच जाळ्यावर ‘मेसेज ग्रुप’ ही टपालयादी सुरू झाली. तिचा विषय ई-मेल हाच होता. हे नवे साधन कसे असावे, याची चर्चा त्या साधनातूनच होत होती. पुढे विज्ञानकथांच्या वाचकांची यादी लोकप्रिय झाली आणि पत्रांची संख्या वाढू लागली. त्या काळी संगणकाचा वेळ आणि जाळ्याची क्षमता दोन्ही मर्यादित होत्या. अनेक पत्रे एकत्र बांधून एकाच वेळी पाठविण्याची पद्धत याच परिस्थितीत रुजली.

संकलनाला शिस्त यावी म्हणून पुढे त्याचे नियमही लिहिले गेले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तांत्रिक टिपणात संकलित पत्राची रचना निश्चित करण्यात आली. आरंभी प्रास्ताविक आणि विषयांची सूची, त्यानंतर ७० आडव्या रेघांची एक ओळ, प्रत्येक दोन पत्रांच्या मध्ये ३० रेघांची ओळ आणि अखेरीस समाप्तीची नोंद, असा तो आराखडा होता. नियम क्षुल्लक वाटले तरी त्यांचा हेतू महत्त्वाचा होता. ठरलेल्या खुणा असल्यामुळे वाचकाच्या संगणकाला संकलन पुन्हा उलगडून त्यातील पत्रे वेगळी करणे शक्य होई. १९९२ मध्ये आलेल्या ‘माईम’ या प्रमाणपद्धतीने संकलनासाठी स्वतंत्र प्रकारच ठरवून दिला आणि प्रत्येक पत्र आपल्या मूळ शीर्षभागासह संकलनात बसू लागले.

दरम्यान यादी सांभाळण्याचे कामही माणसाकडून आज्ञावलीकडे गेले होते. पॅरिस येथे शिकणारे एरिक थॉमस यांनी १९८६ मध्ये ‘लिस्टसर्व्ह’ ही आज्ञावली तयार केली. सदस्यत्व घेणे, सोडणे, सुट्याऐवजी संकलित टपाल मागणे या गोष्टी सदस्याला स्वतःच एक ओळीची आज्ञा पाठवून करता येऊ लागल्या. पुढच्या दशकात आलेली ‘मेलमन’ ही मुक्त आज्ञावली विद्यापीठे आणि स्वयंसेवी गटांत मोठ्या प्रमाणावर रूढ झाली.

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. दूरध्वनीवरून जोडणी घ्यावयाची आणि जोडणीच्या वेळेचा हिशेब ठेवावयाचा, अशी त्या वेळची रीत होती. सेकंदाला ९.६ किलोबिट वेगाच्या जोडणीवर ३० किलोबाईटचे पत्र उतरवून घेण्यास सुमारे २५ सेकंद लागतात. जोडणी घ्यावी, एक संकलन उतरवावे, जोडणी तोडावी आणि मग ते सावकाश वाचावे, ही पद्धत अशा वेळी काटकसरीची ठरत असे. आज बहुतेक ठिकाणी वेगाची ती अडचण राहिलेली नाही. तरीही संकलनाचा पर्याय टिकून आहे. कारण आता टंचाई जोडणीच्या वेळेची नसून माणसाच्या लक्षाची आहे.

संपादित आणि यांत्रिक संकलन

संकलन या एकाच नावाखाली दोन भिन्न गोष्टी येतात, त्यांतील फरक ओळखला पाहिजे. पहिला प्रकार संपादित संकलनाचा. संपादक आलेली पत्रे वाचतो, निवडतो, विषयवार लावतो आणि मगच अंक पाठवितो. संगणकामुळे उद्भवणाऱ्या धोक्यांची चर्चा करणारे ‘रिस्क्स डायजेस्ट’ हे पीटर न्यूमन यांनी १९८५ मध्ये सुरू केलेले संकलन याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. असा अंक नियतकालिकासारखा वाचला जातो आणि तेथे सुटे टपाल मागण्याचे फारसे कारण उरत नाही.

दुसरा प्रकार यांत्रिक संकलनाचा. यात निवड नसते. जी पत्रे आली ती आलेल्या क्रमाने बांधली जातात. महत्त्वाचे परिपत्रक आणि ‘धन्यवाद’ एवढाच मजकूर असलेले पत्र यांना तेथे सारखेच स्थान मिळते. संकलन केव्हा निघावे हे वेळेवर किंवा आकारावर ठरते. मेलमनच्या दीर्घकाळ वापरात असलेल्या दुसऱ्या आवृत्तीत, काही बदल न केल्यास, जमा झालेली पत्रे दिवसातून एकदा पाठविली जातात. मात्र त्याआधीच त्यांचा आकार ३० किलोबाईटपर्यंत गेला तर संकलन लगेच निघते. ‘गूगल ग्रुप्स’ या सेवेत जास्तीत जास्त २५ पूर्ण पत्रांचे एक संकलन होते. याखेरीज केवळ सारांश मागण्याची आणि टपाल मुळीच न मागता संकेतस्थळावर जाऊन वाचण्याचीही सोय आहे. आपल्या यादीचे संकलन कोणत्या नियमाने निघते, याची माहिती सदस्याने करून घेणे इष्ट होय. ‘दिवसातून एकदा’ असे गृहीत धरणाऱ्याला गर्दीच्या दिवशी चार संकलने येऊ शकतात.

विलंबाची किंमत

संकलित टपालाची सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे विलंब. समजा, एका यादीचे संकलन रोज सकाळी आठ वाजता निघते. पावणेआठला आलेले पत्र पंधरा मिनिटांत सदस्यांच्या हाती पडते. सव्वाआठला आलेले पत्र मात्र पावणेचोवीस तास थांबून राहते. पत्रे दिवसभर सारख्या प्रमाणात येतात असे मानले, तर प्रत्येक पत्राला सरासरी बारा तासांचा विलंब होतो.

सर्वसाधारण चर्चेत या विलंबाने काही बिघडत नाही. एखाद्या ग्रंथाच्या जुन्या आवृत्तीविषयीचा प्रश्न आज वाचला काय आणि उद्या वाचला काय, सारखेच. परंतु तालुक्यातील वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या यादीची कल्पना करावी. लसीच्या एका विशिष्ट खेपेचा वापर तूर्त थांबवावा, अशी सूचना सकाळी साडेनऊ वाजता यादीवर पाठविली गेली. सुटे टपाल घेणाऱ्यांना ती लसीकरणाचे सत्र सुरू होण्याच्या सुमारास मिळाली. संकलन घेणाऱ्यांना ती मिळाली दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे सत्र पार पडल्यानंतर. पाठविणाऱ्याची समजूत अशी की सूचना सर्वांना गेली. आणि तांत्रिकदृष्ट्या ती खरीही आहे. निविदेची मुदत, शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख, बैठकीच्या स्थळातील बदल यांबाबतही हेच घडू शकते. पत्र पाठविणाऱ्याला कोणी कोणता पर्याय घेतला आहे हे सहसा दिसत नाही, ही यातील खरी अडचण आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुटे टपाल म्हणजे तात्काळ पोच, असेही नाही. ई-मेलची यंत्रणा एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे पत्र सोपविण्याच्या तत्त्वावर चालते. पुढचा सर्व्हर बंद असल्यास पत्र रांगेत ठेवून पुनःपुन्हा प्रयत्न केले जातात, आणि हे प्रयत्न सोडून देण्यापूर्वी किमान चार ते पाच दिवस वाट पाहावी, अशी प्रमाणनियमांची शिफारस आहे. जिवाशी संबंधित सूचनेसाठी केवळ ई-मेलवर विसंबून राहणे म्हणूनच योग्य नव्हे. अशी सूचना दूरध्वनीवरून द्यावी, ती पोचल्याची खात्री करून घ्यावी आणि ई-मेल हा तिचा लेखी पुरावा म्हणून असावा.

उत्तर देण्यातील अडचण

प्रत्येक ई-मेलच्या शीर्षभागात त्याचा एक स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. त्याला उत्तर दिले की उत्तराच्या शीर्षभागात मूळ पत्राचा ओळखक्रमांक आपोआप नोंदला जातो. या नोंदीमुळेच प्रश्न, त्याचे उत्तर आणि त्यावरील प्रत्युत्तर यांची साखळी एकत्र दिसते. कार्यालयीन भाषेत सांगावयाचे तर, संदर्भ क्रमांक घातल्यामुळे पत्रव्यवहार योग्य त्या फाईलमध्ये लागतो.

संकलनाला थेट उत्तर दिल्यास हा संदर्भ तुटतो. उत्तराला ओळखक्रमांक मिळतो तो संकलनाचा, मूळ पत्राचा नव्हे. विषयाच्या जागी ‘संकलन, खंड अमुक, अंक तमुक’ असे शब्द येतात आणि उत्तर नेमके कोणाला आहे हे कळत नाही. उत्तराखाली संपूर्ण संकलन तसेच राहिले तर एका ओळीच्या उत्तरासोबत वीस जुनी पत्रे पुन्हा सर्वांना जातात. ती पुढील संकलनातही शिरतात आणि संकलनाचा आकार फुगत जातो. यादीतील जुनी पत्रे जेथे साठविली जातात तेथेही हा गोंधळ कायमचा नोंदला जातो. काही वर्षांनी तोच प्रश्न पडलेल्या माणसाला प्रश्न सापडतो, उत्तर सापडत नाही.

यावर उपाय आहेत. संकलनाला उत्तर देताना विषयाची ओळ बदलून मूळ पत्राचा विषय लिहावा आणि ज्या मजकुराला उत्तर द्यावयाचे तेवढाच ठेवून बाकीचा काढून टाकावा. माईम पद्धतीचे संकलन मागितल्यास त्यातील प्रत्येक पत्र स्वतंत्रपणे उघडता येते आणि बऱ्याच ई-मेल आज्ञावलींत त्याच पत्राला उत्तरही देता येते. ज्याला यादीवर नियमितपणे लिहावयाचे आहे, त्याने सुटे टपाल घेणेच श्रेयस्कर होय. संकलन हे मुख्यतः वाचकासाठी आहे.

मराठी मजकुराचे विशेष

संकलनाच्या बहुतेक आज्ञावली इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून रचल्या गेल्या. त्यामुळे मराठी पत्रव्यवहार करणाऱ्या गटांना दोन गोष्टी विशेषत्वाने लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट आकाराची. युनिकोडच्या यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाईट पुरतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, म्हणजे व्यंजन, मात्रा, अनुस्वार या प्रत्येकाला, तीन बाईट लागतात. प्रवासासाठी हा मजकूर ‘बेस-६४’ पद्धतीने बांधला तर तीनाचे चार होतात. म्हणजे एक हजार चिन्हांचे मराठी पत्र वाटेत सुमारे चार हजार बाईट जागा घेते. ३० किलोबाईटच्या मर्यादेत इंग्रजीची सुमारे तीस हजार अक्षरे मावतात. मराठीची जेमतेम साडेसात हजार चिन्हे. इंग्रजी यादीसाठी दिवसाला एक संकलन देणारी तीच मर्यादा मराठी यादीत दिवसाला तीन-चार संकलने काढू शकते. मराठी गटाच्या संयोजकाने ही मर्यादा वाढवून घेतली पाहिजे.

दुसरी गोष्ट अक्षरांची. साध्या मजकुराच्या संकलनात सर्व पत्रे एकाच संकेतपद्धतीत ओतली जातात. मेलमनच्या दुसऱ्या आवृत्तीत यादीची भाषा इंग्रजी अशी नोंदलेली असली, तर तिच्या संकेतपद्धतीत न बसणाऱ्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. सुट्या टपालात स्वच्छ दिसणारे मराठी पत्र संकलनात प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसते. शिवाय साध्या संकलनातून सोबतच्या फाईली काढून टाकल्या जातात आणि त्यांच्या जागी केवळ दुवा राहतो. माईम पद्धतीच्या संकलनात या दोन्ही अडचणी बहुतांशी टळतात. म्हणून मराठी यादीसाठी माईम संकलनच ठरवून द्यावे.

दूरदेशी वसलेल्या सदस्यांचा विचार करता संकलनाचा एक लाभही येथे नमूद केला पाहिजे. गोव्याविषयी आस्था असलेल्या जगभरच्या लोकांना जोडणारी ‘गोवानेट’ ही टपालयादी १९९४ मध्ये सुरू झाली. तिच्या पत्रांची संकलनेही सदस्यांकडे जात असत. आखाती देश, युरोप आणि अमेरिका येथे पसरलेल्या गटात कोणाची ना कोणाची कामाची वेळ नेहमीच चालू असते. मुंबईत सकाळचे दहा वाजतात तेव्हा न्यूजर्सीत मध्यरात्रीचा सुमार असतो. अशा गटाची पत्रे रात्रंदिवस येत राहतात. सकाळच्या चहाबरोबर एकदाच हाती येणारे संकलन तेथील वाचकाला सोयीचे वाटावे, हे स्वाभाविक आहे.

लक्षाची राखण

सुट्या टपालाविरुद्ध मुख्य आक्षेप घेतला जातो तो लक्ष विचलित होण्याचा. हा आक्षेप केवळ तक्रारीच्या स्वरूपाचा नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये १२४ प्रौढ व्यक्तींवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना एक आठवडा दिवसातून तीनदाच ई-मेल पाहण्यास आणि दुसरा आठवडा हवे तितक्या वेळा पाहण्यास सांगण्यात आले. मर्यादा पाळलेल्या आठवड्यात दैनंदिन ताण कमी असल्याचे आढळले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात २३७ स्मार्टफोनधारकांच्या फोनवरील सूचनांची विभागणी करण्यात आली. दिवसातून तीनदा एकत्रित सूचना मिळालेल्यांचे लक्ष आणि मनःस्थिती सुधारली. परंतु ज्यांच्या सूचना संपूर्णपणे बंद केल्या होत्या त्यांची अस्वस्थता वाढली. आपल्याला न कळता काही घडून जाईल, अशी धास्ती त्यांना वाटू लागली.

या निष्कर्षांतून एक व्यावहारिक बोध घेता येतो. टपाल एकत्रित व ठराविक वेळी यावे, हे हिताचे आहे. टपाल येणेच बंद व्हावे, हे हिताचे नाही. त्याचबरोबर हेही ध्यानात घ्यावे की, पत्र पोचणे आणि पत्र आल्याची घंटा वाजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुटे टपाल घेऊनही फोनवरील सूचना बंद ठेवता येते. यादीची पत्रे मुख्य टपालपेटीत न येता परस्पर स्वतंत्र फोल्डरमध्ये जावीत, असा नियम बहुतेक ई-मेल सेवांत घालता येतो. त्या फोल्डरकडे दिवसातून एकदा पाहिले म्हणजे सदस्याने आपल्यापुरते संकलनच केले. पण पत्रे सुटी राहिल्यामुळे उत्तर देण्याची सोय आणि पत्रांची साखळी दोन्ही अबाधित राहतात. ज्याला हा नियम घालता येतो, त्याला हा मधला मार्ग पुष्कळदा सर्वांत सोयीचा ठरतो.

राजपत्राचा दाखला

वस्तुतः सुटे की संकलित, हा प्रश्न ई-मेलबरोबर जन्मलेला नाही. राज्याच्या प्रशासनाने तो फार पूर्वी सोडविलेला आहे. महाराष्ट्र शासन राजपत्र साप्ताहिक स्वरूपात प्रसिद्ध होते. नियुक्त्या, अधिसूचना, नियम, जाहिराती असा मजकूर भागवार लावलेला असतो. परंतु एखादी अधिसूचना आठवडाभर थांबू शकत नसेल, तर असाधारण राजपत्र काढले जाते. सर्व मजकूर असाधारण ठरविला असता तर राजपत्र वाचणे अशक्य झाले असते. सर्व मजकूर साप्ताहिकासाठी राखला असता तर तातडीचे काम अडले असते.

शेतकऱ्यांना मिळणारा हवामानाचा सल्लाही याच तत्त्वावर चालतो. भारत हवामानशास्त्र विभागाच्या सहकार्याने कृषी हवामान सल्ला पत्रिका आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, दिली जाते. पेरणी, फवारणी, पाणी यांचे नियोजन तिच्यावरून करता येते. विजांसह वादळाचा इशारा मात्र पुढील तीन तासांसाठी तात्काळ दिला जातो. पेरणीचा सल्ला दर तासाला आला तर शेतकरी तो वाचणे सोडून देईल. विजेचा इशारा शुक्रवारच्या पत्रिकेत आला तर त्याचा उपयोग नाही.

निवड कशी करावी?

हे सर्व लक्षात घेता सदस्याने पुढील प्रश्न स्वतःला विचारावेत. या यादीवरील एखाद्या पत्रावर त्याच दिवशी कृती करण्याची वेळ येते काय? येत असेल तर सुटे टपालच घ्यावे. यादीवर आपण लिहितो की केवळ वाचतो? लिहिणाऱ्याने सुटे आणि वाचणाऱ्याने संकलित टपाल घ्यावे. पत्रे किती येतात? दिवसाला एक-दोन पत्रे येणाऱ्या यादीचे संकलन करण्यात अर्थ नाही. त्याने केवळ विलंब पदरी पडतो. दिवसाला पंधरा-वीस पत्रे येत असतील आणि विषय सर्वसाधारण असेल, तर संकलन उपयुक्त ठरते. सोबतच्या फाईली महत्त्वाच्या असतात काय? असल्यास साधे संकलन टाळावे. कामानिमित्त किंवा रजेवर दीर्घकाळ बाहेर जावयाचे असल्यास यादी सोडण्याऐवजी तेवढ्या काळापुरते संकलन मागावे किंवा टपाल स्थगित करावे. कारण सोडलेली यादी पुन्हा घेणे बहुधा राहून जाते.

निवड एकदा केली म्हणजे कायमची, असेही नाही. बहुतेक सेवांत ती केव्हाही बदलता येते. वर्षातून एकदा, आर्थिक वर्षाच्या अखेरीस नोंदवह्या तपासाव्यात त्याप्रमाणे, आपण कोणत्या याद्यांवर आहोत आणि प्रत्येकीचे टपाल कसे घेतो, याचा आढावा घेणे हितावह होय. जे संकलन महिनोन्‌महिने न उघडता पडून राहते, ते बंद करणेच योग्य.

संयोजकांची जबाबदारी

सारा भार सदस्यावर टाकून भागणार नाही. यादीची रचना संयोजक करतात आणि चुकीच्या रचनेत योग्य निवडही निष्फळ ठरते. सूचना आणि चर्चा एकाच यादीवर चालत असतील, तर सदस्यापुढे दोन्ही बाजूंनी अडचण उभी राहते. सुटे टपाल घ्यावे तर चर्चेचा पूर येतो. संकलन घ्यावे तर सूचना उशिरा मिळते. यावर राजपत्राचाच मार्ग अनुसरावा. सूचनांसाठी स्वतंत्र यादी असावी, तिच्यावर संयोजकानेच लिहावे आणि तिचे टपाल सर्वांना सुटेच जावे. तेथे संकलनाचा पर्यायच ठेवू नये. चर्चेसाठी दुसरी यादी असावी आणि तेथे सदस्याला हवा तो पर्याय घेता यावा.

विषयाची ओळ नेमकी लिहिण्याची सवयही संयोजकांनी लावावी. ‘महत्त्वाचे’ एवढाच विषय लिहिल्याने काही कळत नाही. कृती कोणती व कोणत्या तारखेपर्यंत, हे विषयातच आले तर संकलनाच्या सूचीवर नजर टाकतानाही सदस्याला ते दिसते. सेवा बदलण्याची वेळ येऊ शकते, याचीही तरतूद असावी. ‘याहू ग्रुप्स’ ही एकेकाळी अतिशय लोकप्रिय असलेली सेवा डिसेंबर २०२० मध्ये बंद झाली. तिच्यावर विसंबलेल्या असंख्य गटांना आपले बिऱ्हाड अन्यत्र हलवावे लागले. सदस्यांची नोंद आणि जुन्या पत्रांची प्रत संयोजकाकडे असणे म्हणूनच आवश्यक आहे.

लसीची खेप थांबविण्याच्या उदाहरणाकडे या दृष्टीने पाहिले, तर दोष कोणत्या एका पर्यायाचा नव्हता हे स्पष्ट होते. संकलन मागणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या कामाच्या वेळेची काळजी घेतली होती. सूचना पाठविणाऱ्याने आपले कर्तव्य पार पाडले होते. उणीव होती ती कोणते पत्र थांबू शकते आणि कोणते नाही, हे आधी न ठरविण्याची. ते ठरविण्यास कोणतेही नवे यंत्र लागत नाही, खर्चही येत नाही. सूचनांची यादी वेगळी काढण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. तेवढा वेळ प्रत्येक गटाच्या संयोजकाने अवश्य काढावा. म्हणजे जे पत्र वेळेवर पोचले पाहिजे ते वेळेवर पोचेल आणि उरलेले टपाल वाचकाच्या सवडीची वाट पाहील.